अँटिबॉडी उतरल्या म्हणजे आठवण गेली असं नव्हे

आजारांची आठवण शरीर कशी ठेवतं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "शरीर आजार लक्षात ठेवतं हे भाबडं लिखाण आहे. अँटिबॉडी सहा महिन्यांत उतरतात, डेंग्यू दोनदा होतो, आणि तुम्ही डॉक्टर नाही. लोकांची दिशाभूल थांबवा."

मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, पण ही कुठली भाषा? दिशाभूल? निवृत्त होईपर्यंत मी परळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. माझी आई नर्स होती. लहानपणी तिला गोवर येऊन गेला होता, पुढे नोकरीभर गोवराची पोरं उचलून घेतली, तिला पुन्हा कधी झाला नाही. आमच्या घरात ही गोष्ट वादाची नव्हतीच.

अँटिबॉडी उतरतात हे मी लेखातच लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. लेख फार लांबला, एवढं मान्य. आजार भरात असताना घाईने तयार झालेल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, थोड्याच दिवसांत मरतात, म्हणून रक्तातला आकडा खाली येतो. काही मात्र बोनमॅरोत मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं अँटिबॉडी बनवत राहतात. शिवाय स्मृती-बी पेशी असतात. त्या एरवी स्वस्थ असतात. तोच विषाणू परत आला की भराभर वाढतात आणि नव्याने अँटिबॉडी सोडू लागतात. स्मृती-टी पेशी अँटिबॉडी बनवत नाहीत, विषाणू शिरलेल्या पेशी ओळखतात; त्या तर तुमच्या त्या अँटिबॉडी रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत! १९१८ च्या ज्या इन्फ्लुएंझाने मुंबईत घरंच्या घरं ओस पाडली, त्याच साथीच्या काळात जगलेल्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी मिळाल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. नव्वद वर्षांनी. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध त्यातून सुटले, हे पानुम या डॅनिश डॉक्टरने नोंदवून ठेवलंय. आता सांगा, तुमचे सहा महिने कुठे बसवू?

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाची आठवण उरलेल्या तिघांपासून टिकाऊ संरक्षण देत नाही, इतकंच. मुंबईत पावसाळे काढलेल्या माणसाला एवढं ठाऊक असायला हवं.

डॉक्टर नाही, बरोबर. पण वर लिहिलेल्यातलं काय चुकलं ते दाखवा. तोवर लेखातला एक शब्दही बदलणार नाही.