दुसरा अल्बम काढताय? मग हे मुळीच करू नका

पहिला अल्बम गाजला ना? अभिनंदन. आता शहाणे असाल तर दुसरा म्हणून त्याचीच झेरॉक्स काढा. कव्हरचा रंग बदला, 'भाग दोन' म्हणा आणि मोकळे व्हा. लोकांनी एकदा बोटं चाटून खाल्लेलंच पुन्हा वाढायचं असतं.

हे न ऐकणारे कसे असतात, ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या 'डे ला सोल' या रॅप करणाऱ्या ग्रुपकडे बघून शिका. पॉस, मेसिओ आणि ट्रुगॉय अशी तीन पोरं. (ट्रुगॉय म्हणजे योगर्ट उलटं. आपल्याकडे असता तर 'हीद' झाला असता.) १९८९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. पिवळंधमक कव्हर, त्यावर फुलं. जग खूश. पत्रकारांनी लगेच 'हिप-हॉपमधले हिप्पी' असा शिक्का मारला. अशी आयती ओळख मिळाली, तर माणसानं जन्मभर फुलाफुलांचे शर्ट घालावेत!

यांनी काय केलं? १९९१ च्या दुसऱ्या अल्बमवर तीच फुलं, पण कुंडी आडवी पडून फुटलेली. नाव 'डे ला सोल इज डेड'. स्वतःच्या भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स स्वतःच चौकात लावावा, तसं. आत गाण्यांच्या मधेमधे एक गोष्ट चालू राहते. एका पोराला कचऱ्यात हीच कॅसेट सापडते. दांडगट पोरं त्याला बदडून ती हिसकावतात, ऐकतात, नाकं मुरडतात. ना बंदुका, ना शिव्या, हे कसलं रॅप? कॅसेट परत कचऱ्यात. समीक्षकांच्या पोटावर असा पाय देऊ नये.

बरं, सगळी थट्टाच आहे म्हणावं, तर मधेच मिली नावाच्या मुलीचं गाणं. बाप समाजसेवक, सगळ्यांचा लाडका, आणि घरात मुलीवर अत्याचार करणारा. दुकानात सांताक्लॉज बनून बसलेल्या त्याच बापावर ती पिस्तूल रोखते. नाताळात लावता येईल असं काही द्यायचं सोडून!

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र यांचाच कित्ता गिरवा. जुन्या गाण्यांचे तुकडे वापरताना परवान्यात फक्त 'तबकडी आणि कॅसेट' लिहा. पुढे इंटरनेट वगैरे निघेल, असले अभद्र विचार मनात आणू नका. मग तुमचीच गाणी ऑनलाइन ठेवायची तुम्हालाच चोरी. २०१४ च्या व्हॅलेंटाइन डेला या तिघांनी आपली गाणी २५ तास फुकट वाटून टाकली. रीतसर स्ट्रीमिंगवर यायला ३ मार्च २०२३ उजाडला.

ट्रुगॉय १२ फेब्रुवारीला गेला होता. १९ दिवस आधी.