तहान लागल्यावर व्याकरण

स्पॅनिश शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यात वाटतं, हिच्याइतकी गुणी भाषा नाही. नामाच्या शेवटी 'ओ' दिसला की बहुतेक वेळा पुल्लिंग, उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखं) 'एल'. 'आ' दिसला की स्त्रीलिंग, उपपद 'ला'. पुस्तक 'एल लिब्रो', टेबल 'ला मेसा'. नपुंसकलिंगी नाम औषधालाही नाही. तो-ती-ते सांभाळत वाढलेल्या मराठी माणसाला ही चक्क एका विषयाची सूट वाटते.

मग तहान लागते.

पाण्याला म्हणतात 'आग्वा'. शेवटी 'आ', म्हणून 'ला आग्वा' म्हणावं, तर चूक; म्हणायचं 'एल आग्वा'. बरं, असेल पुल्लिंगी, म्हणून गार पाण्याला 'एल आग्वा फ्रीओ' म्हणावं, तर तेही चूक! 'एल आग्वा फ्रीआ'. आधी 'एल', मागून स्त्रीलिंगी विशेषण, आणि मधे पाणी आपलं निर्विकार.

पाणी स्त्रीलिंगीच आहे. भानगड उच्चाराची आहे. लॅटिनमधल्या 'इल्ला'चं जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झालं. पुढे व्यंजन आलं की त्यातला 'ए' गळून 'ला' उरला. पुढे जोर दिलेला 'आ' आला की शेवटचा 'आ' त्यात विरून 'एल' उरलं. म्हणजे हे 'एल' मुळात पुल्लिंगी नाहीच, फक्त दिसायला तसं आहे. आपल्याकडे दोन 'आ' समोरासमोर आले की संधी करून दोघांना एका घरात नांदवतात, विद्यालयात नांदतात तसे. स्पॅनिशने एकाला सरळ घराबाहेर काढलं.

या 'एल'च्या अटी मात्र सरकारी अर्जासारख्या आहेत. नाम एकवचनी हवं. त्याचा पहिला ध्वनी 'आ' हवा (लिहिताना आधी मुका 'एच' असला तरी चालतो). शब्दातला जोर त्याच 'आ'वर हवा. आणि उपपद नामाला अगदी खेटून हवं. एक अट हुकली की 'ला' परत हजर. अनेकवचनात 'लास आग्वास'. मधे विशेषण घुसलं की 'ला मिस्मा आग्वा', म्हणजे तेच पाणी. लाडाने 'आग्विता' म्हटलं की जोर 'ग्वि'वर सरकतो, म्हणून 'ला आग्विता'. वाळूचा जोर 'रे'वर, म्हणून 'ला अरेना'.

एवढं पाठ झालं की माणूस उत्साहाने 'हे पाणी' म्हणून 'एस्ते आग्वा' ठोकून देतो. पुन्हा चूक. सवलत 'एल'ला आणि 'उन' (एक) सारख्या दोन-तीन शब्दांना. बाकी सगळे स्त्रीलिंगीच: 'एस्ता आग्वा' (हे पाणी), 'मुचा आग्वा' (खूप पाणी), 'ओत्रा आग्वा' (दुसरं पाणी). 'सगळं पाणी' म्हणजे 'तोदा एल आग्वा', हे तर एका श्वासात दोन लिंगं! त्यात गंमत अशी, की स्पॅनिशचे नियम ठरवणारी संस्था रेआल अकादेमिया 'एस्ता'च म्हणा असं बजावत असते आणि जन्मापासून स्पॅनिश बोलणारे कितीतरी लोक बिनदिक्कत 'एस्ते' म्हणतात. शिकाऊ माणसाने कानावर विसंबू नये, असं माझं मत.

भूक (आम्ब्रे), गरुड (आगिला), आत्मा (आल्मा), वर्ग (आउला) हीही याच गोत्रातली मंडळी. कुऱ्हाड 'एल आचा', पण 'एच' या अक्षराचं नाव मात्र 'ला आचे', कारण अक्षरांच्या नावांना हा नियम लागू नाही. त्याला कोण काय करणार?

हॉटेलात निभावून न्यायची युक्ती अशी, की पाण्याला उपपदच लावू नये. 'उन वासो दे आग्वा, पोर फावोर' म्हणावं. ग्लास निर्विवाद पुल्लिंगी, 'उन' त्याचं. स्पेनमध्ये 'आग्वा देल ग्रिफो', म्हणजे नळाचं पाणी, असं स्पष्ट सांगावं. 2022च्या कायद्याने ते हॉटेलांनी फुकट द्यायचं आहे. नुसतं 'आग्वा' म्हटलंत तर बाटली येण्याची शक्यता जास्त, आणि त्याआधी प्रश्न: 'कोन गास' की 'सिन गास', बुडबुड्यांचं की बिनबुडबुड्यांचं?

मेक्सिकोत 'उन आग्वा दे हामाइका' मागितलं तर येतं लाल अंबाडीच्या बोंडांचं आंबटगोड सरबत. आणि तिथे रस्त्यात कोणी '¡आग्वास!' असं ओरडलं, तर अनेकवचनाचं उपपद आठवत उभं राहू नये. त्याचा अर्थ 'सांभाळा!' असा आहे. आधी बाजूला व्हावं.