जत्रा म्हणालात सर, तर जत्राच

गेल्या डिसेंबरात आमच्या सांगलीच्या ग्रुपवर सरांचा एक मेसेज आला होता आणि तो अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये. सर म्हणजे सांगलीतल्या बाबांच्या वाचनालयाचे सगळ्यात जुने वर्गणीदार, मराठीचे प्राध्यापक, आता रिटायर होऊन कोथरूडला मुलाकडे असतात. पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथे ते नातवाला घेऊन गेले होते, आणि आल्यावर त्यांनी लिहिलं, "निम्मी गर्दी खायला आणि उरलेली फोटो काढायला. पोरं कॉमिक्सच्या स्टॉलवर लोळत होती. याला वाचनसंस्कृती म्हणत नाहीत, जत्रा म्हणतात." खाली पंधरा-वीस जणांचे अंगठे, दोन-तीन "अगदी खरंय सर".

मी तेव्हा एक फोटो टाकला, त्यावर सरांनी अजून एक वाक्य लिहिलं, आणि मग मी गप्प बसले. आता दहा महिन्यांनी लिहितेय कारण कालच न्यूयॉर्क कॉमिक कॉन, म्हणजे इथला कॉमिक्सचा मोठा मेळा, संपलं, चार दिवस जेव्हिट्स सेंटर नावाच्या प्रदर्शनाच्या इमारतीत आमच्या स्टॉलवर उभं राहून पाय सुजलेत, आणि चारही दिवस मी मनातल्या मनात सरांशीच भांडत होते.

मी इथल्या एका प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांचं काम बघते, शाळा आणि लायब्ऱ्यांकडे आमची ग्राफिक नॉव्हेल्स, म्हणजे कॉमिक्ससारखी चित्रांतून सांगितलेली अख्खी पुस्तकं, पोचवणं हे माझं खातं. कॉमिक कॉन म्हणजे लोकांना वाटतं मजा. आमच्यासाठी ते बुधवारपासून सुरू होतं, पॅलेटवरची आमचीच खोकी स्टॉलपर्यंत आणायचे वजनावर पैसे द्यायचे, टेबल भाड्याने, पायाखालचा गालिचासुद्धा भाड्याने, आणि कार्डाचं मशीन ऐन गर्दीत बंद पडलं तर हातात यादी धरून उभं राहायचं. रोज न्यू जर्सीतल्या एडिसनहून पहाटेची गाडी, पेन स्टेशनला उतरून इलेव्हन्थ ॲव्हेन्यूपर्यंत चालत, कारण सबवेच्या सेव्हन ट्रेनमध्ये हडसन यार्ड्सला ज्याच्या पाठीला पंख आहेत असा माणूस शेजारी आला की कॉफी सांडतेच.

आणि गर्दी? २००६ मध्ये हे पहिल्यांदा भरलं तेव्हा शनिवारी एवढी माणसं आली की फायर मार्शलनी दारं बंद करायला लावली होती. आता चार दिवसांत दोन लाखांच्या वर येतात. सॅन डिएगोचं कॉन तर १९७० मध्ये एका हॉटेलच्या तळघरात तीनेकशे लोकांनी सुरू केलं, तिथे आता सव्वा लाखाच्या वर जातात. यातले किती जण पुस्तकं घ्यायला येतात? अहो सर, प्रामाणिकपणे सांगते, निम्मेही नसतील. कोणी कापडी तलवार घेऊन येतो (ती दारात तपासून घ्यावी लागते), कोणी नुसती सही घ्यायला, कोणी पाचशे रुपयांचा बर्गर दोन हजाराला खाऊन जमिनीवर भिंतीला टेकून बसतो. पण जो टेकून बसलाय त्याच्या मांडीवर पुस्तक असतं हो. दर वर्षी बघते मी. चार मजल्यांवर जिथे भिंत आहे तिथे पोरं पुस्तक उघडून बसलेली असतात, लोळतच असतात, तुमच्या पुण्यातल्या पोरांसारखी.

गुरुवारी लायब्रेरियन आणि शिक्षक येतात, तो माझा खरा दिवस. ब्रॉन्क्समधल्या एका शाळेची लायब्रेरियन दर वर्षी येते, चाकांची बॅग घेऊन, आणि सगळ्यात आधी विचारते की ही सिरीज पूर्ण झाली का, पुढचा भाग कधी. तिचं म्हणणं, पहिला भाग वाचलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी दुसरा मागायला येतं आणि माझ्याकडे नसेल तर ते परत लायब्ररीत पाऊल टाकत नाही. हे ती मला सांगते तेव्हा मला सांगलीतल्या गावभागातलं आमचं दुकान दिसतं.

बाबांचं वाचनालय म्हणजे एक खोली, तीन भिंतींना फळ्या, पुढे काउंटर. महिन्याची वर्गणी परवडत नसेल त्यांच्यासाठी रोजच्या भाड्याने इंद्रजाल कॉमिक्स, पंचवीस पैसे. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), मॅन्ड्रेक, बहादूर. मार्केट यार्डातले हमाल दुपारी यायचे, हळदीची पोती उतरवून, आणि पायरीवर बसून वेताळ वाचायचे. आमच्या वेताळाच्या प्रत्येक पानावर हळदीचे अंगठे होते, पिवळे, कडेला, पान उलटायच्या जागी. त्यातला एक जण दोन वर्षांनी म्हणाला, आता अक्षरं जास्त असलेलं द्या. बाबांनी त्याला बाबूराव अर्नाळकर दिले, मग पुढे काय काय दिलं ते मला आठवत नाही, पण तो शेवटपर्यंत येत होता.

आणि सर, तुम्ही शनिवारी यायचात. तुम्ही कोपऱ्यावर दिसलात की बाबा काउंटरवरचा कॉमिक्सचा गठ्ठा उचलून खाली ठेवायचे. एकदा तुम्ही म्हणाला होतात, "असली चोपडी ठेवतोस? लोकांची रुची बिघडवायचं काम करू नको." बाबा हसले होते. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेले होते, दहा वर्षांची असेन, गठ्ठा माझ्या पायाशी होता. मला अजून राग येतो तो त्या हसण्याचा.

म्हणून माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला पटवून द्यायचाच आहे. ही भीती नवी नाहीये आणि ती फक्त आपल्याकडेच होती असंही नाही. इथे १९४८ मध्ये शाळकरी पोरांकडून कॉमिक्स गोळा करून जाळली होती, याच न्यूयॉर्क राज्यात, बिंगहॅम्टनला. १९५४ मध्ये फोली स्क्वेअरच्या कोर्टात सिनेटची सुनावणी झाली, फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की कॉमिक्समुळे पोरं गुन्हेगार होतात, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच एक कोड, म्हणजे नियमावली, बनवला. मुखपृष्ठावर त्याचा शिक्का नसेल तर विक्रेते अंक ठेवायचे नाहीत. कितीतरी मासिकं बंद पडली, चित्रकारांची कामं गेली. तो शिक्का पूर्ण जायला २०११ उजाडावं लागलं. फोली स्क्वेअर जेव्हिट्सपासून सबवेने अर्ध्या तासावर आहे. आणि ज्या प्रकाराला तेव्हा विष म्हटलं, त्यातल्या एका पुस्तकाला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं, २०२० मध्ये मुलांच्या साहित्याचं न्यूबेरी पदक पहिल्यांदा एका ग्राफिक नॉव्हेलला मिळालं. २०१९ मध्ये ग्राफिक नॉव्हेल्स करणाऱ्या रैना टेलगेमायरच्या एका पुस्तकाची पहिली छपाई दहा लाखांची होती. दहा लाख, सर, शाळकरी मुलांसाठी! आपल्याकडे हजाराची आवृत्ती पाच-पाच वर्षं गोदामात पडून असते आणि आपण रुचीबद्दल बोलतो.

हां, इथेही शाळांच्या लायब्ऱ्यांमधून पुस्तकं काढायचा प्रकार चालू आहे, पुलित्झर मिळालेलं तेच पुस्तक २०२२ मध्ये टेनेसीतल्या एका स्कूल बोर्डाने अभ्यासक्रमातून काढलं, हे मला माहितीये, माझ्या कामात रोज त्याची झळ बसते. पण तरी.

आणि आपल्याकडे चित्रांशी वैर कधी होतं? अनंत पैंनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा मुंबईतूनच सुरू केली, राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही चित्रं काढणारी माणसं आपलीच. चांदोबा मराठीत १९५२ पासून कित्येक वर्षं यायचा. चिंटू १९९१ पासून सकाळच्या चहाबरोबर घराघरात. दिवाळी अंक १९०९ पासून चालू आहेत त्यातही व्यंगचित्रं नसतील असा अंक लोक हातात धरत नाहीत. हे सगळं आपण प्रेमाने वाचलं आणि वाचून झाल्यावर त्याला साहित्य म्हणायचं मात्र टाळलं. इथे मोठ्या दालनांखालच्या मजल्यावर आर्टिस्ट ॲली असते, लांबच लांब टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक चित्रकार, समोर रांग, आणि सत्तरीतल्या म्हाताऱ्या चित्रकारापुढे वीस वर्षांची पोरं जुना अंक पुढे करून सही मागतात, हात थरथरत असतात त्यांचे. दर वर्षी त्या गल्लीतून चालताना मला मुळीक आठवतात. पुण्याचा माणूस. किती पोरांनी त्यांच्याकडे सही मागितली असेल?

जत्रा या शब्दाचा तर मला फारच राग आला. आम्ही श्रावणी सोमवारी हरिपूरला जायचो, संगमेश्वराच्या जत्रेला. बाबा, आई, आम्ही दोघी, चालत. पाळणे, पिपाण्या, भडंगाच्या पुड्या, नदीकाठी चिखल. कोणीही दारात उभं राहून विचारत नव्हतं की बाई तू देवासाठी आलीस का भडंगासाठी. रांगेत उभं राहायला कंटाळून आम्ही कित्येकदा कळसालाच नमस्कार करून परत यायचो आणि आई म्हणायची, पोचलं. देवळाला जे चालतं ते पुस्तकांना का चालत नाही? फर्ग्युसनवर वडापाव खात खात फिरणारं पोरगं चार स्टॉल ओलांडून जातं तेव्हा चार स्टॉल बघतं तरी.

आता ते वाक्य लिहिते जे मी वर टाळलं. मी डिसेंबरात आमच्या स्टॉलचा फोटो टाकला होता, समोर रांग, मागे दालनभर माणसं, आणि खाली लिहिलं होतं, "सर, आमच्याकडे असं असतं." सरांनी उत्तर दिलं, "छान. तुझ्या लेकीला मराठी वाचता येतं का?"

नाही येत. बोललेलं सगळं समजतं, आजीशी फोनवर मोडकंतोडकं बोलते, रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षं जात होती, मग सॉकर सुरू झालं आणि मी सोडून दिलं. तिच्या खोलीत मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, पन्नासेक भाग आहेत, उजवीकडून डावीकडे झरझर वाचते, तेवढ्यासाठी ती नवी दिशा शिकली. तिच्यासाठी मराठीत असं काही मी शोधलंच नाही. आणि "आमच्याकडे" असं मी जे लिहिलं ते वाचून आता मलाच बरं वाटत नाही, कारण पंधरा वर्षं या धंद्यात आहे, दर सीझनला फ्रेंच, कोरियन, इटालियन पुस्तकांच्या अनुवादावर आमच्या मीटिंगा होतात, त्यात मी एकदाही म्हटलं नाही की मराठीत बघू या. एकदाही नाही. कोण काय म्हणेल याची भीती होती असंही नाही, सुचलंच नाही. मी पण गठ्ठा उचलून खालीच ठेवला की.

बाबांनी २००३ मध्ये वाचनालय बंद केलं तेव्हा मी इथे येऊन एकच वर्ष झालं होतं. त्यांनी फोनवर विचारलं कॉमिक्सचं काय करू, दोन पोती आहेत. मी म्हटलं रद्दीत द्या, कोण वाचतंय आता. घाईत होते, ऑफिसला जायचं होतं.

काल रविवारी दुपारी सामान आवरायच्या आधी अर्धा तास मोकळा मिळाला म्हणून जुन्या अंकांच्या विक्रेत्यांकडे चक्कर मारली. एका टेबलावर परदेशी अंकांचं खोकं होतं, बोटांनी एकेक पुढे सरकवत होते आणि मधेच वेताळ. इंद्रजाल, देवनागरीत, पुठ्ठा लावून प्लास्टिकमध्ये, चाळीस डॉलर. चिकटपट्टीवर लिहिलेलं, "हिंदी." मी त्या माणसाला म्हटलं ही हिंदी नाही, मराठी आहे. त्याने पेन काढलं, हिंदी खोडलं, आणि मला स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. मग घासाघीस न करता चाळीस डॉलर दिले.

रात्री घरी येऊन उघडला. पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे, आमचा नाही, बेळगावच्या कुठल्याशा वाचनालयाचा, आणि खाली हाताने "पाने दुमडू नयेत". हळद नाही कुठे. लेक शेजारी येऊन बसली, चित्रं बघत होती, एका फुग्यावर बोट ठेवून म्हणाली हे काय म्हणतोय, मी वाचून दाखवलं, मग पुढचा, मग पुढचा, असं सगळं झालं.

फोटो काढून सरांना पाठवला. ग्रुपवर नाही, त्यांना एकट्यांना. तिकडे पहाट असावी, पण लगेच उत्तर आलं. "शेवटचं पान आहे का बघ. तुझ्या बाबांकडच्या वेताळांची शेवटची पानं कायम गायब असायची, फार चिडचिड व्हायची."

बघितलं. आहे, सर.