न्हाणीचं पाणी आणि खरकटी भांडी

पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेली शेती, करत एकत्र राहणाऱ्यांच्या तुम्ही घेतलेल्या मुलाखती वाचल्या. त्यांत सांडपाण्यावरच्या केळीच्या आळ्याचं एवढं कौतुक वाचून हसूच आलं. आमच्या गुहागरच्या घरी न्हाणीचं पाणी पाटाने थेट केळी-अळवाकडेच जायचं. आजी त्याला डिझाइन म्हणायची नाही, एवढंच. अर्थात असं विखुरलेलं शहाणपण पर्माकल्चरची कल्पना मांडणाऱ्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ च्या पुस्तकात एका आराखड्यात बसवलं, हे मानायलाच हवं.

एकत्र राहण्याबद्दल मात्र सगळे फारच गोडगोड बोललेत. मी अशा एका शेतावर चार महिने काढलेत. उतारावर पाणी अडवणारे समतल चर खणताना कुणी कुरकुरलं नाही. भांडण पेटलं ते रात्रीची खरकटी भांडी कुणी घासायची आणि कोरड्या संडासात भुसा टाकायला कोण विसरलं, यावरून. पुढच्या मुलाखतीत तेवढं विचारा की!