नोपेकने ओपेक वठणीवर येईल?
ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेवर अमेरिकेत खटला भरू देणारा प्रस्तावित नोपेक कायदा झाला की ओपेकची मक्तेदारी मोडेल, हा लेखातला आशावाद भाबडा वाटतो. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करायला लावले, पण ती घरची कंपनी होती. ओपेकमध्ये बसतात ती सार्वभौम सरकारं. एका अमेरिकी कामगार संघटनेने १९७८ मध्ये ओपेकवर खटला भरला होता, तो कोर्टात टिकलाच नाही. परक्या सरकारांवर अमेरिकी कोर्टात खटला चालत नाही, नोपेक नेमकं हेच कवच काढू पाहतं. २००७ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ते विधेयक मंजूरही झालं, पुढे घोडं अडलं ते अडलंच. आणि अमेरिकेची खरंच इच्छा आहे का? २०२० मध्ये भाव कोसळले तेव्हा उत्पादन कमी करा म्हणून सौदी-रशियाच्या मागे लागलं कोण? खुद्द ट्रम्प! २०२२ मध्ये भाव चढले तेव्हा अमेरिकेच्या राखीव साठ्यातलं १८ कोटी पिंपं तेल काढायचं ठरलं, ते निदान हातातलं तरी होतं.