टू बीएचकेच्या भावात टर्बो विमान : एका फॉरवर्डचा हिशोब

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला पाच जणांकडून आला. पाचवा भाच्याकडून, खाली प्रश्न : "मामा, खरंय का हे?"

मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेत सेकंडहँड, टर्बो इंजिनाचं, एका इंजिनाचं सहा सीटचं विमान दीड लाख डॉलरला मिळतं, म्हणजे मुंबईतल्या टू बीएचकेपेक्षा स्वस्त. टर्बो असल्यामुळे ते पावसाळी ढगांच्या वरून जातं, गोवा तासाभरात. विमान जुनं असलं तरी इंजिन जेमतेम तीन-चारशे तास चाललेलं असतं, म्हणजे नव्यासारखंच. देखभाल गाडीसारखी, इंधन पेट्रोल. जुहूला उभं करा, आपण उडवत नसू तेव्हा भाड्याने द्या, हप्ता त्यातूनच सुटेल. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि "मराठी माणसा, मोठी स्वप्नं बघ!"

माझी सगळी नोकरी विमानांची पिस्टन इंजिनं उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. त्यामुळे भाच्याला दोन ओळींत उत्तर देणं जमलं नाही. जे लिहिलं ते सगळ्यांनाच पाठवतोय.

किमतीपासून सुरुवात करू, कारण तेवढा एक आकडा खरा आहे. दीड लाख डॉलरला सेस्ना या अमेरिकन कंपनीच्या टी-२१० सारखं विमान ('टी' म्हणजे टर्बो) मिळू शकतं. फॉरवर्ड फक्त त्याचं वय सांगत नाही. सेस्नाने २१० बनवणं १९८६ मध्ये थांबवलं. म्हणजे बाजारातलं सगळ्यात 'नवं' टी-२१० सुद्धा आज चाळिशीच्या घरात आहे. तीस वर्षांपूर्वीची प्रीमियर पद्मिनी कोणी विकायला काढली तर आपण दार ठोकून बघतो, पत्रा खरवडून बघतो. इथे मात्र फोटो बघून स्वप्नं सुरू.

शिवाय तो भाव अमेरिकेतल्या हँगरमधला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे आणि परदेशातून आणताना तोच दर आयजीएसटी म्हणून लागतो. विमान सव्वा कोटीला पडलं असं धरलं तरी नुसता हा कर ५० लाख. सीमाशुल्क वेगळं. ते इथे आणायचं म्हणजे एक तर पंख उतरवून कंटेनरमध्ये घालायचं, नाहीतर कॅनडा, ग्रीनलँड, आइसलँड असे टप्पे घेत, अटलांटिकच्या गार पाण्यावरून एका इंजिनावर उडवत आणणारा वैमानिक शोधायचा. मग नोंदणी क्रमांकातलं अमेरिकेचं 'एन' पुसून आपलं 'व्हीटी' रंगवण्याआधी डीजीसीए, म्हणजे आपलं विमान नियामक खातं, विमानाचं वय, लॉगबुकं आणि प्रत्येक दुरुस्तीचा कागद मागणार. लॉगबुकातली मधली दोन वर्षं गहाळ असतील तर ते विमान अमेरिकेत थोडं स्वस्त विकलं जातं. इथे मात्र ते जागेवरच अडतं.

आता टर्बो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा शब्द टर्बो डिझेल एसयूव्हीवरून उचललेला दिसतो : टर्बो म्हणजे जास्त ताकद, जास्त वेग. विमानात त्याचं काम वेगळं आहे. वर जाऊ तशी हवा विरळ होते, १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. साध्या इंजिनाला त्यामुळे दम लागतो. टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या वायूंवर एक चक्र फिरवतो आणि त्याच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरतो, म्हणून इंजिनाला वाटतं आपण अजून खालीच आहोत. बस, एवढंच.

पण खाली असताना साध्या इंजिनालाही दम लागत नसतो. साधं इंजिन साधारण साडेसात-आठ हजार फुटांपर्यंत ७५ टक्के ताकद देतं आणि लांबच्या उड्डाणात टर्बोवालाही बहुतेक वेळा तेवढीच वापरतो. म्हणजे आठ हजारांच्या खाली दोन्ही विमानं जवळपास बरोबरीने चालतात, टर्बोवालं उलट काही किलो जास्त लोखंड वागवत. अमेरिकेत कोलोराडोतल्या लेडव्हिलचा विमानतळच ९,९०० फुटांवर आहे, त्यापलीकडे आणखी उंच डोंगर. तिथे टर्बो म्हणजे गरज. आपल्याकडे कळसूबाई ५,४०० फूट. सह्याद्री ओलांडायला टर्बो लागत नाही.

गोव्याचंच बघा. सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. आठ हजार फुटांवरून १६० नॉटने, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, गेलात तर ८६ मिनिटं. टर्बोच्या जोरावर आणखी वर चढून १७५ नॉट काढलेत तर ७९. त्यातली निम्मी बचत वर चढण्यातच जाते. शिल्लक तीन-चार मिनिटं. शिवाय दहा हजारांच्या पुढे नाकाला ऑक्सिजनची नळी लावायची, कारण या विमानांपैकी बहुतेकांच्या केबिनमध्ये दाब राखलेला नसतो. नळ्या लावून बसलेल्या सासूबाईंना गोव्याला नेण्याचं चित्र फॉरवर्डमध्ये कुठे दिसलं नाही!

आणि "ढगांच्या वरून"? मुंबईवरचा जूनचा गडगडाटी ढग ४०-५० हजार फूट चढतो. टी-२१० फार तर पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाईल, तेही कागदावर. शिवाय भारतात नजरेने बघत उडण्याच्या नियमांखाली, म्हणजे व्हीएफआरमध्ये, फ्लाइट लेव्हल १५० च्या, म्हणजे साधारण १५,००० फुटांच्या, वर जायला मनाई आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांवर बघून उडण्याची पात्रता, नसलेल्या हौशी वैमानिकाने टर्बोचे पैसे मोजायचे आणि टर्बो जिथे सगळ्यात जास्त कामाला येतो त्या उंचीवर त्याला परवानगीच नाही.

"इंजिन जेमतेम तीनशे तास चाललंय, नव्यासारखंच." हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला. संपूर्ण मजकुरातलं हे वाक्य सर्वात महाग पडणारं आहे, आणि गाडी घेताना आपण पहिल्यांदा किलोमीटर बघतो म्हणून ते पटकन पटतंही.

विमानाचं इंजिन चालून जितकं झिजतं, त्याहून वाईट ते उभं राहून मरतं. ही इंजिनं बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या लायकॉमिंग आणि कॉन्टिनेंटल. लायकॉमिंगच्या नेहमीच्या इंजिनात झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, वर बसलेला असतो. इंजिन बंद झालं की त्याच्यावरचं तेल हळूहळू निथळून जातं आणि उघडा पडलेला पोलाद दमट हवेत बसून राहतो. मग गंजाचे बारीक ठिपके येतात. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं की झडप ढकलणारा टॅपेट त्या ठिपक्यांवरून घासत जातो, कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, झिजतो, आणि तो लोखंडी भुगा तेलातून सगळीकडे फिरतो. कॉन्टिनेंटलमध्ये कॅम खाली असतो, तिथे हा त्रास कमी, पण सिलिंडरच्या भिंती दोघांच्याही गंजतात. मी स्वतः एकदा असं एक 'कमी तासांचं' इंजिन उघडलं होतं. लॉगबुक बघून मालक खूश होता. कॅमचे दोन लोब हाताला करवतीसारखे लागले. मालकाला फोन करायचं काम माझ्याकडे आलं, ते अजून आठवतं.

म्हणून बनवणारे इंजिनाच्या ओव्हरहॉलला, म्हणजे ते पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलण्याला, दोन मर्यादा देतात : तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. टर्बो इंजिनाची तासांची मर्यादा तर अनेकदा त्याच्या साध्या भावंडापेक्षा कमी असते. २० वर्षांत ३०० तास चाललेल्या इंजिनाने ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. आणि सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाचं ओव्हरहॉल आज अमेरिकेतही ५० हजार डॉलरच्या खाली क्वचितच होतं. दर आठवड्याला उडालेलं १,२०० तासांचं इंजिन आणि झाकून ठेवलेलं ३०० तासांचं इंजिन यांत मला निवडायला सांगितलंत तर मी डोळे झाकून पहिलं घेईन. खरं तर डोळे उघडे ठेवून, सिलिंडरच्या आत बघायचा बोरोस्कोप घालून.

आता हे कोरड्या ॲरिझोनातून उचला आणि अरबी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणून ठेवा. पार्ल्यात माझ्या गॅलरीतल्या नव्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत लाल झाल्या. ॲल्युमिनियम लाल होत नाही, पांढरी बुकटी सोडतं आणि आतून पोखरतं. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ एका टी-२१० चा पंख हवेतच तुटला, दोघंही गेले. पंख जोडणाऱ्या केबिनवरच्या आडव्या तुळईला चीर गेली होती आणि तिची सुरुवात गंजाच्या एका लहानशा खड्ड्यातून झाली होती. त्यानंतर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान नियामकाने, या जातीच्या बऱ्याच विमानांच्या त्या तुळईची तपासणी सक्तीची केली. दीड लाखाच्या जाहिरातीत ही तपासणी झाली की नाही, हे पहिलं विचारायचं. रंग कसा आहे, हे सगळ्यात शेवटी.

"देखभाल गाडीसारखी." टर्बोत शिरणारा वायू ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो, चक्र मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतं. तो तापलेला पाइप टर्बोला जिथे जोडतात तिथे एक क्लॅम्प असतो, व्ही-बँड म्हणतात त्याला. दिसायला पाण्याच्या पाइपच्या पट्टीचा थोरला भाऊ. तो तुटला तर ज्वाळेइतका गरम वायू सरळ तेलाच्या आणि इंधनाच्या नळ्यांवर. अशा अपघातांमुळेच एफएएने २०२३ मध्ये स्पॉट-वेल्ड केलेल्या व्ही-बँड क्लॅम्पना ५०० तासांची मर्यादा घातली. उंचीवर विरळ हवेत मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची, ठिणगी आतल्या आत उडी मारते, म्हणून मॅग्नेटोतही हवेचा दाब द्यावा लागतो. सिलिंडर वरच्या पातळ हवेत नीट थंड होत नाहीत, पण ताकद मात्र पूर्ण देत असतात, म्हणून चढताना सतत तापमान बघत इंधनाचं मिश्रण सांभाळायचं. गाडीत हे सगळं संगणक करतो. या विमानांत तुम्ही. आणि कुर्ल्याचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी याला हात लावू शकत नाही. परवानाधारक इंजिनिअरची सही, देखभालीचा हिशोब ठेवणारी मान्यताप्राप्त संस्था आणि दरवर्षी एआरसी, म्हणजे विमान उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, यांच्याशिवाय विमान जमिनीवरच.

"पेट्रोलवर चालतं" हे अर्धसत्य धोक्याचं आहे. लागतं ते १०० ऑक्टेनचं शिसं घातलेलं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल. २०२२ पर्यंत ते देशात परदेशातून येत होतं. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. म्हणजे आता ते मिळतं, पण पंपावर नाही. आणि टर्बो इंजिन तासाला ६०-६५ लिटर पितं. एक गोष्ट आणखी : इंजिनाच्या झाकणावर झोकात 'टर्बो' लिहिलेलं बघून हे टर्बाइनचं विमान असेल असं समजून इंधन भरणाऱ्याने जेट इंधन ओतल्याच्या चुका झाल्या आहेत. पिस्टन इंजिन त्यावर सुरू होतं, धावपट्टी सोडतं, आणि मग निकामी होतं. असं विमान कधी घेतलंतच तर ते स्टिकर पहिल्या दिवशी खरवडून काढा.

"जुहूला उभं करा." जुहूवर माझं प्रेम आहे. १९२८ चा विमानतळ, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पण तेव्हाही पावसाळ्यात जुहूचं तळं व्हायचं आणि टाटांची टपालसेवा पुण्याला येरवड्याला हलवावी लागायची. आज जुहू मुख्यतः हेलिकॉप्टरांचं आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबनेसुद्धा प्रशिक्षण धुळ्याला नेलं, यावरून समजा. शेजारच्या सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावर दीड-दोनशे प्रवासी घेऊन येणारी विमानं एका मागोमाग एक रांगेत. तुमच्या टी-२१० ला तिथे कोण उभं करणार? मग विमान धुळ्याला, बारामतीला वगैरे ठेवायचं. मुंबईहून धुळ्याला गाडीने जा आणि तिथून गोव्याला उडा. तासाभरात!

राहिलं भाडं. खासगी वापरासाठी नोंदलेल्या विमानातून पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. त्यासाठी वेगळा परवाना, वेगळी यंत्रणा, वेगळे वैमानिक लागतात. मित्राकडून "पेट्रोलचे तेवढे दे" म्हणून घेतलेले पैसेसुद्धा विम्याच्या माणसाला दाव्याच्या दिवशी बरोबर आठवतात. हप्ता सुटण्याची गोष्ट इथेच संपते.

भाच्याला मी हे सगळं पाठवलं. रात्री त्याचं उत्तर आलं : "मग टर्बो नको, साधं घेऊ?" मी त्याला धुळ्याला शिकायला किती तास लागतात ते विचारून ठेवायला सांगितलंय.