काउंटची डायरी कुठे आहे?

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आपल्याला ठाऊक असते ती सुळे आणि वटवाघळांमुळे. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर मी ती मुळातून वाचली आणि मला ती परक्या देशात राहायला निघालेल्या माणसाची गोष्ट वाटली.

दुसऱ्याच प्रकरणात, ट्रान्सिल्व्हेनियातल्या गढीत, रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला सोफ्यावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचत असतो. आजूबाजूला इंग्रजी पुस्तकं आणि जुनी मासिकं. जोनाथन हार्कर या तरुण वकिलाला तो विनवतो की बोलण्यातली बारीकशी चूकही दाखवा. तो म्हणतो, आपल्या मुलखात मी सरदार आहे, पण लंडनमध्ये तोंड उघडताच परका ठरेन. माझे शब्द ऐकून कुणी बोलता बोलता थांबू नये, एवढंच मला हवंय. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. इथल्या नोकरीच्या सुरुवातीला फोन उचलण्याआधी मी अख्खं वाक्य मनात जुळवून घेत असे, ते याच भीतीने.

कादंबरी म्हणून तिचे पहिले चार अध्याय अप्रतिम आहेत. काउंटला घेऊन इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या बंदरात वादळातून शिरणारं जहाज, सुकाणूला बांधलेला मेलेला कप्तान, हेही तितकंच जबरदस्त. पुढे मात्र काउंटचा माग काढणाऱ्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगची लांबलचक भाषणं कंटाळा आणतात. हा व्हॅन हेल्सिंग डच आहे, त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. त्याचा साथीदार क्विन्सी मॉरिस अमेरिकेतल्या टेक्सासचा, तोही सगळ्यांचा लाडका. परका कोण हे भाषेवर ठरतच नाही. ज्याची आधीच धास्ती आहे त्याने भाषा शिकली, तर धास्ती उलट वाढते. पूर्व युरोपातून लंडनच्या ईस्ट एंडमध्ये येणाऱ्या ज्यूंबद्दल तेव्हा हेच चाललं होतं आणि १९०५मध्ये त्यांना रोखायला एलियन्स ॲक्ट आला.

सगळी कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातल्या कात्रणांतून घडते. हार्करची बायको मीना लिहिते, हार्कर लिहितो, त्यांचा साथीदार डॉक्टर सीवर्ड फोनोग्राफवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बोलतो. काउंटची डायरी तेवढी नाही. तो राक्षस आहे, हे मला मान्यच आहे. पण ज्याच्याबद्दल सगळे लिहितात आणि ज्याचं स्वतःचं एक पानही नाही, त्याला राक्षस ठरवणं फार सोपं असतं.

२०२५च्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर हिंदीसक्तीवरून रोज वाद व्हायचे. पहिलीपासून हिंदी लादण्याला माझा विरोध होता आणि जूनअखेर सरकारने ते आदेश मागे घेतले, याचा मला मनापासून आनंद झाला. महाराष्ट्रात मराठीचा आग्रह धरायलाच हवा. पण मीरा रोडला दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली, तेव्हा मी त्याचा निषेध केला. मामा म्हणाला, “तू तिकडे बसून बोलतेस, तुला इथली झळ लागत नाही.”

झळ लागते, मामा. ऑगस्ट २०२४मध्ये आमच्यापासून तासाभरावर, रॉदरहॅमला, आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला जमावाने आग लावायचा प्रयत्न केला. त्या आठवड्यात मी मुलांना पार्कात पाठवलं नाही. इथे कायमचं राहायचं तर या देशाच्या माहितीची परीक्षा द्यावी लागते, २४पैकी १८ उत्तरं बरोबर हवीत. ती मी आनंदाने दिली, कारण ती अट लिहिलेली आहे आणि सगळ्यांना सारखी आहे. जमावाची अट कुठे लिहिलेली नसते.

आपल्या लोककथांतलं भूत बहुतेक वेळा घरातलंच असतं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. त्यांची काही मागणी असते, ती ऐकून घ्यावी लागते आणि बऱ्याचदा चूक घरच्यांचीच निघते. ड्रॅक्युलाला तसं कुणी विचारत नाही. मराठीत आज भयकथा लिहिणाऱ्या कुणीतरी मुंबईत उतरलेल्या परक्याची डायरी लिहावी, त्याला निर्दोष न ठरवता, पण त्याच्याच तोंडून. मी ती विकत घेऊन मामाला पाठवीन.